रेसिडेन्सी करणाऱ्या डॉक्टरबरोबरचा संसार: रोस्टर, झोप आणि घर

प्रश्न थोडक्यात असा आहे: लग्नाला दोन वर्षं झाली, जोडीदाराची रेसिडेन्सी, म्हणजे डॉक्टर झाल्यावर रुग्णालयात काम करत घ्यायचं विशेष विषयाचं प्रशिक्षण, तीन महिन्यांपूर्वी सुरू झाली. तो घरी असतो तेव्हा बहुतेक वेळ झोपलेला असतो, ठरवलेलं ऐन वेळी रद्द होतं, घरची सगळी कामं एकाच माणसावर येऊन पडली आहेत आणि बोलायला गेलं की भांडण होतं. पुढची वर्षं कशी काढायची?

आधी एक खुलासा. ‘जोडीदार’ शब्दामुळे खाली क्रियापदं पुल्लिंगी येतील, पण रेसिडेन्ट बायकोच्या नवऱ्यालाही यातलं जवळपास सगळं लागू आहे. जिथे फरक पडतो तिथे तसं सांगितलं आहे.

अशा घरांत तक्रार ‘वेळच देत नाही’ या शब्दांत येते, पण खोदून पाहिलं की दुखणं वेगळंच निघतं. कमी वेळेची माणसाला सवय होते, बेभरवशाच्या वेळेची होत नाही. आठवड्यात एकच संध्याकाळ मिळणार हे पक्कं ठाऊक असलं तर बाकीचा आठवडा तिच्याभोवती बसवता येतो. सातही संध्याकाळी ‘बहुतेक येईन’ म्हणत गेल्या तर सातही वाया जातात. तास वाढवणं तुमच्या हातात नाही, पहिल्या वर्षाच्या रेसिडेन्टच्या हातात तर मुळीच नाही. भरवसा मात्र थोडा थोडा तयार करता येतो, म्हणून या उत्तराचा मोठा भाग त्यावरच आहे.

तास किती आणि ते कुठे जातात

‘रेसिडेन्ट’ हा शब्दच रुग्णालयात राहणारा या अर्थाने आला. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेत बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात ही पद्धत रुजली तेव्हा शिकाऊ डॉक्टर खरोखरच तिथे मुक्कामाला असत आणि त्यांनी अविवाहित असावं अशीच अपेक्षा असे. म्हणजे ही व्यवस्था आखली गेली तेव्हा तुम्ही त्या चित्रात नव्हताच. तासांचे नियम फार नंतर आले. अमेरिकेत २००३ पासून आठवड्याला ८० तासांची मर्यादा आहे, सलग ड्युटी २४ तास आणि वर हँडओव्हरसारख्या (पुढच्या पाळीच्या डॉक्टरकडे रुग्ण सोपवण्याच्या) कामांसाठी जास्तीत जास्त ४. युरोपीय संघात ही मर्यादा सरासरी ४८ तासांची. भारतात केंद्राच्या १९९२ च्या रेसिडेन्सी योजनेत सलग १२ आणि आठवड्याला ४८ तास लिहिलेले आहेत. २०२३ च्या पदव्युत्तर वैद्यकीय शिक्षण नियमांत ‘वाजवी’ तास, कामाची निकड नसेल तर आठवड्याला एक सुट्टी, वर्षाला २० दिवस पगारी नैमित्तिक रजा आणि ५ दिवस शैक्षणिक रजा आहे. प्रत्यक्षातलं रोस्टर, म्हणजे ड्युट्यांचं वेळापत्रक, या कागदाशी किती जुळेल ते विभाग ठरवतो.

हे आकडे दोन कारणांसाठी माहीत असावेत. एक, ‘सरासरी’ हा शब्द. अमेरिकेतले ८० तास चार आठवड्यांच्या सरासरीने मोजतात, त्यामुळे एखादा आठवडा ९५ चा आणि पुढचा ६५ चा निघाला तरी नियम मोडत नाही. तुमच्या घरात तो ९५ चा आठवडा मात्र जसाच्या तसा उतरतो. दोन, रजा. पहिल्या वर्षाचा रेसिडेन्ट रजेचे नियम सहसा वाचत नाही आणि मागायला बिचकतो. ते तुम्ही वाचून ठेवा. आपल्याला किती रजा शिल्लक आहे हे वर्षाच्या शेवटच्या महिन्यात कळणं फार नेहमीचं आहे.

विभागानुसार त्रासाची जात बदलते. शस्त्रक्रिया आणि स्त्रीरोग-प्रसूती या विभागांत तास लांब असतात आणि दिवस कधी संपेल ते सांगता येत नाही. मेडिसिनमध्ये कॉल (रात्रभराची ड्युटी) आणि आयसीयूचे महिने कठीण जातात. भूलशास्त्रात सकाळ फार लवकर उजाडते. इमर्जन्सी मेडिसिनमध्ये एकूण तास त्या मानाने कमी दिसतात, पण पाळ्या सतत फिरतात आणि शरीराचं घड्याळ कधीच लागत नाही. रेडिओलॉजी, पॅथॉलॉजी, त्वचारोग इथे दिवस बराचसा आखीव असतो. त्यामुळे दुसऱ्या विभागातल्या रेसिडेन्टच्या घराशी आपली तुलना करण्यात काही अर्थ नाही. एकाच विभागातसुद्धा वॉर्ड, आयसीयू, ओपीडी अशा पोस्टिंगप्रमाणे महिना बदलतो. ‘हा महिना कसला आहे?’ एवढं महिन्याच्या सुरुवातीला माहीत असलं तरी अर्धी चिडचिड कमी होते.

‘अर्ध्या तासात निघतो’

हे वाक्य खोटं नसतं आणि खरंही नसतं. रेसिडेन्टचा दिवस वेळेवर संपत नाही, कामांची यादी संपल्यावर संपतो. शेवटची तीन कामं राहिली असं दिसतं तेव्हा तो ‘अर्धा तास’ म्हणतो. तेवढ्यात एक नवीन ॲडमिशन येते, एखाद्या रुग्णाचा रक्तदाब घसरतो, सिनियर पुन्हा राउंडला येतो किंवा हँडओव्हर घेणाराच उशिरा पोहोचतो. त्यात पहिल्या वर्षी हात हळू असतो आणि कुणाला काय कधी सांगायचं याचा अंदाज नसतो. सहा-आठ महिन्यांनी तोच माणूस तेच काम बऱ्याच कमी वेळात करतो.

यावर चालणारा एकच साधा नियम: ‘कधी येणार?’ विचारायचं नाही आणि त्यानेही अंदाज सांगायचा नाही. संदेश एकच, ‘निघालो’, आणि तोही रुग्णालयाच्या फाटकाबाहेर पडल्यावर. त्याआधीचं सगळं हवेतलं समजायचं. जेवायला थांबायचं नाही. तुम्ही वेळेवर जेवा, त्याचं काढून ठेवा. थांबून उपाशी राहिलेला माणूस आणि दमून आलेला माणूस समोरासमोर आले की पुढे काय होतं ते तुम्हाला ठाऊक आहे. पहिले दोन आठवडे हा नियम रुक्ष वाटतो. मग लक्षात येतं की वाट पाहण्यात जाणारी संध्याकाळ आता स्वतःची झाली आहे.

रोस्टर हाती येतं तो दिवस

महिन्याचं रोस्टर आलं की दोन दिवसांच्या आत चाळीसएक मिनिटं एकत्र बसा. पोस्ट-कॉलच्या, म्हणजे कॉल संपवून घरी येण्याच्या, दिवशी नको. दोघांच्या फोनवर दिसेल असं एक सामायिक कॅलेंडर करा आणि त्यात चारच रंग ठेवा: कॉल, पोस्ट-कॉल, साधा दिवस, पूर्ण सुट्टी. जास्त रंग केले की कुणी भरत नाही. मग तुमच्या बाजूच्या तारखा भरा: तुमच्या कामाच्या अंतिम मुदती, मुलांच्या शाळेचे दिवस, दवाखान्याच्या भेटी, घरचे समारंभ.

यानंतर महिन्यातल्या दोनच तारखा ‘पक्क्या’ ठरवा. बाकी सगळ्या ‘जमलं तर’. पक्की तारीख म्हणजे जिच्यासाठी तो ड्युटी बदलून घेईल, कुणाचा उपकार घेईल आणि तरीही अडलं तर आदल्या दिवशीच सांगेल. दोनच का? ड्युटी बदलून घेणं म्हणजे सहकाऱ्याची एक ड्युटी अंगावर घेणं. चार बदल मागणारा रेसिडेन्ट पुढच्या महिन्यात चार जास्तीच्या ड्युट्या फेडत असतो आणि युनिटमध्ये त्याचं नाव खराब होतं ते वेगळंच. लग्नकार्य, परीक्षा, प्रसूतीची तारीख अशा मोठ्या गोष्टी रोस्टर बनण्याआधी, निदान सहा ते आठ आठवडे आधी, रोस्टर करणाऱ्या सिनियरच्या कानावर पडायला हव्यात. लागलेलं रोस्टर बदलण्यापेक्षा न लागलेलं बदलणं शंभर पटीने सोपं असतं. समारंभ तुमच्या माहेरचा असो की सासरचा, ‘आम्ही दोघंही येऊ’ असं कुणाला सांगू नका. ‘मी येणार, त्याचं जमलं तर तोही येईल’ असंच सांगा. आला तर आनंद, नाही आला तर कुणाला जाब द्यायला नको.

पोस्ट-कॉलचा दिवस सुट्टीचा नसतो

सर्वांत जास्त भांडणं याच दिवशी होतात. कारण सोपं आहे: माणूस दुपारी घरी असतो, म्हणून तो मोकळा आहे असं वाटतं. सलग १७ तास जागं राहिल्यावर माणसाची कामगिरी रक्तात ०.०५ टक्के मद्य असल्यासारखी होते आणि २४ तासांनंतर साधारण ०.१० टक्के असल्यासारखी, हे १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात मोजलं गेलं आहे. म्हणजे २६ तासांनी घरी आलेला जोडीदार व्यवहारात झिंगलेला असतो. तो हो म्हणेल आणि विसरेल, विनोदावर चिडेल, बोलता बोलता झोपेल. त्याच्याकडून त्या दिवशी होकार घेऊ नका, सही घेऊ नका, नकारही गंभीरपणे घेऊ नका. बोलायचंच असेल तर वहीत लिहून ठेवा आणि पुढच्या साध्या दिवशी काढा. यातले निम्मे मुद्दे तोवर मरून जातात. उरतात ते खरे.

झोप किती द्यायची? दुसऱ्या दिवशी पुन्हा सकाळची ड्युटी असेल तर घरी आल्यावर दोन ते तीन तास झोप, मग दुपारी उठवणं आणि रात्री लवकर झोप, हा क्रम चालतो. संध्याकाळपर्यंत झोपू दिलं तर रात्री डोळा लागत नाही आणि दुसरा दिवसही हातचा जातो. उठवल्यावर पहिली वीस-तीस मिनिटं माणूस भानावर नसतो, तेव्हा प्रश्न नकोत. सलग रात्रपाळ्या चालू असतील तर गणित उलटं: तेव्हा दिवसाची झोप पूर्ण व्हायलाच हवी. जाड गडद पडदे, कानात बोळे, दाराची घंटा बंद, घरातल्या इतरांना वेळेची कल्पना आणि त्याचा फोन दुसऱ्या खोलीत तुमच्याकडे. घरून कॉलवर असेल तर मात्र फोन त्याच्याच उशाशी हवा. कॉफीचा निम्मा अंश शरीरातून जायला पाच-सहा तास लागतात, म्हणून पाळी संपायच्या आधी सहा तास ती बंद. रात्रपाळीला जाण्यापूर्वी संध्याकाळी दीड तासाची झोप मिळाली तर पहाटे चार ते सहाची वेळ, जेव्हा शरीर सर्वांत मंद असतं, जरा सुसह्य होते.

आणि गाडी. यावर तडजोड करू नका. अमेरिकेतल्या इंटर्न डॉक्टरांचा २००५ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास सांगतो की २४ तासांहून लांब ड्युटीनंतर घरी जाताना अपघात होण्याची शक्यता दुपटीहून जास्त असते, थोडक्यात टळलेल्या अपघातांची तर साडेपाच पटीहून अधिक. पोस्ट-कॉलला दुचाकी किंवा गाडी स्वतः चालवायची नाही. कुणी आणायला जाणार की भाड्याचं वाहन, हे महिन्याच्या सुरुवातीलाच ठरवून पैसे बाजूला ठेवा, नाहीतर त्या क्षणी ‘चालतंय रे’ म्हणून किल्ली फिरतेच. काहीच सोय नसेल तर निघण्याआधी कॉफी पिऊन ड्युटी रूममध्ये वीस मिनिटं डुलकी. कॉफीचा अंमल सुरू व्हायला साधारण तेवढाच वेळ लागतो. खिडकीची काच खाली करणं आणि मोठ्याने गाणी लावणं याने झोप थांबत नाही. भाड्याचं घर बघत असाल तर पहिल्या वर्षापुरतं तरी रुग्णालयाजवळचं बघा, तुमचा प्रवास थोडा वाढला तरी. रोजची वाचलेली चाळीस मिनिटं म्हणजे त्याची तेवढी झोप आहे.

घरकामाची वाटणी

निम्मं-निम्मं होणार नाही. तसा आग्रह धरला की महिन्याभरात हिशेब मांडणं सुरू होतं. पण ‘सगळं मीच करतो’ हेही टिकत नाही. मधला मार्ग असा की त्याच्याकडे अशी दोन-तीन कामं द्यायची ज्यांना वेळेचं बंधन नाही आणि जी संपूर्ण त्याचीच आहेत: बिलं भरणं, महिन्याचं सामान ऑनलाइन मागवणं, कपडे मशीनला लावून वाळत घालणं. संपूर्ण त्याचीच म्हणजे आठवण करून देण्याचं कामही तुमचं नाही. रोजची वेळ गाठावी लागणारी कामं, म्हणजे मुलांना सोडणं-आणणं, स्वयंपाक, त्याच्या नावावर टाकू नका. ती चुकणारच. ऐपत असेल तर दोघांत मिळून पहिला खर्च मदतनिसावर करा.

रेसिडेन्ट बायको असेल तर इथे नवऱ्यांनी जास्त डोळसपणे बघावं. ती पोस्ट-कॉल घरी येते आणि कुणी काही न सांगता ओट्याशी उभी राहते, घरातल्यांनाही त्यात काही वावगं वाटत नाही. मग ती झोपते उशिरा, उठते लवकर आणि सहा महिन्यांत तब्येत ढासळते. ‘तू झोप’ म्हणणं पुरेसं नाही. ती येण्याआधी ओटा रिकामा असायला हवा.

रुग्ण, मृत्यू आणि नातेवाइकांचे फोन

एखाद्या दिवशी तो येतो आणि बोलत नाही. बरेचदा त्या दिवशी कुणीतरी दगावलेलं असतं, कधी स्वतःची चूक झाली अशी शंका असते, कधी सगळ्यांसमोर सिनियरने झापलेलं असतं. तेव्हा ‘काय झालं?’ यापेक्षा ‘बोलायचंय, की नुसतं बसायचंय?’ हा प्रश्न बरा. बोलायचं असेल तर ऐका, उपाय सुचवू नका. ‘तुझी काही चूक नाही’ हे वाक्य लगेच फेकू नका, कारण ते तुम्हाला ठाऊक नाही आणि तुम्हाला ठाऊक नाही हे त्याला माहीत असतं. रुग्णाचं नाव, गाव, ओळख विचारायची नाही. ऐकलेलं घराबाहेर न्यायचं नाही, तपशील बदलूनसुद्धा कुठल्या ग्रुपवर टाकायचं नाही.

उलट दिशेचाही एक त्रास असतो: ‘जरा विचार ना त्याला, हे रिपोर्ट पाठवलेत.’ नातेवाईक थेट त्याला गाठू शकत नाहीत म्हणून तुम्हाला गाठतात. एक ठरीव उत्तर पाठ करून ठेवा: ‘रिपोर्ट बघून सांगणं त्याच्या विभागाचं काम नाही, तुमच्या डॉक्टरांनाच दाखवा. इमर्जन्सी असेल तर फोन नको, थेट रुग्णालयात जा.’ पहिल्या तीन-चार वेळा लोक रुसतात. नंतर विचारायचं थांबतात.

सुई टोचली तर

हे आधी माहीत असलेलं बरं, कारण रात्री तीनला कळल्यावर वाचायला वेळ नसतो. रुग्णाला वापरलेली सुई टोचण्याचे प्रकार रेसिडेन्सीत होतात, विशेषतः रात्री आणि घाईत. टोचल्यावर लगेच साबण-पाण्याने धुवायचं, पिळायचं नाही. एचआयव्हीची प्रतिबंधक औषधं शक्यतो दोन तासांच्या आत आणि जास्तीत जास्त ७२ तासांत सुरू व्हायला हवीत. ती २८ दिवस चालतात. मळमळ आणि थकवा येतो, पण मध्येच सोडून चालत नाही. हिपॅटायटिस बीची लस रेसिडेन्सीच्या आधीच पूर्ण हवी: ०, १ आणि ६ महिने असे तीन डोस, आणि शेवटच्या डोसनंतर एक-दोन महिन्यांनी प्रतिपिंडांची तपासणी, पातळी १० किंवा त्याहून जास्त. डोस घेतलेले असतात, तपासणी मात्र अनेकांनी केलेली नसते. तेवढी आजच करून घ्या. हिपॅटायटिस सीवर प्रतिबंधक औषध नाही, त्यासाठी फक्त तपासण्या.

तुमच्या बाजूने: पाठपुराव्याच्या तपासण्या संपेपर्यंत निरोध वापरा, गर्भधारणेचा विचार पुढे ढकला, त्याने रक्तदान करायचं नाही. एकत्र जेवणं, मिठी, एकच संडास यातून काही होत नाही. आणि प्रसंगाची नोंद रुग्णालयात लेखी व्हायलाच हवी. ‘किरकोळ आहे, उगाच कशाला’ म्हणून ती टाळली जाते आणि पुढे काही निघालं तर पुरावा राहत नाही.

रोजच्या संसर्गासाठी एवढं पुरे: रुग्णालयाची पादत्राणं दाराबाहेर, आल्यावर आधी हात, मग कपडे बदलणं, मग मूल उचलणं. स्क्रब (रुग्णालयात घालायचे कपडे) वेगळे, गरम पाण्यात, ६० अंशांवर. तुम्ही गरोदर असाल आणि तुम्हाला कांजिण्या झालेल्या नसतील आणि त्यांची लसही घेतलेली नसेल, तर हे डॉक्टरांना आधीच सांगून ठेवा.

मूल असेल, किंवा हवं असेल

लहान मुलांना तासांचा हिशेब कळत नाही, न पाळलेला शब्द बरोबर कळतो. म्हणून ‘बाबा लवकर येईल’ हे वाक्य घरातून हद्दपार. त्याऐवजी ‘बाबा आज रुग्णालयात झोपणार, उद्या तू शाळेतून आलास की घरी असेल.’ तीन-चार वर्षांच्या मुलासाठी भिंतीवर कॅलेंडर लावून कॉलच्या रात्रींवर चंद्राचा स्टिकर लावा. ठरलेल्या वेळी व्हिडिओ कॉल ही कल्पना चांगली दिसते, पण नेमकी त्याच वेळी धावपळ होते आणि मूल फोन धरून बसतं. मोकळ्या दिवशी रेकॉर्ड करून ठेवलेल्या दहा-बारा गोष्टी जास्त कामाला येतात. घरी असताना रोज पंधरा मिनिटं एकच ठरावीक गोष्ट दोघांची, म्हणजे अंघोळ किंवा झोपायच्या आधीचं पुस्तक, फोन बाहेर ठेवून. सुट्टीच्या दिवशी मोठी सहल काढून त्याची भरपाई होत नाही.

मूल सांभाळण्याची सोय तीन थरांची हवी: नेहमीची, सांभाळणारं माणूस आजारी पडलं तर दुसरी, आणि रात्री अपरात्री कुणाला फोन करता येईल असं एक माणूस. दोघंही डॉक्टर असाल तर दोघांचे कॉल एका रात्री येऊ देऊ नका. हे दोन्ही विभागांना रोस्टरच्या आधीच लेखी कळवा.

रेसिडेन्ट स्वतः गरोदर असेल तर बातमी घरच्यांच्या आधी विभागप्रमुखाला सांगावी लागेल अशी वेळ येऊ शकते, विशेषतः क्ष-किरणांशी संबंध येत असेल तर. कळवल्यानंतर उरलेल्या गरोदरपणात गर्भाला मिळणारा किरणोत्सर्ग १ मिलिसिव्हर्टच्या आत ठेवण्याची आंतरराष्ट्रीय शिफारस आहे आणि त्याप्रमाणे पोस्टिंग बदलता येतं. बाळंतपणाच्या रजेवरून परतल्यावर दूध काढायला साधारण दर तीन-चार तासांनी वीस-पंचवीस मिनिटं लागतात. खोली, कुलूप आणि फ्रीज कुठे आहे हे रुजू व्हायच्या आधीच पाहून ठेवा. काढलेलं दूध खोलीच्या तापमानाला ४ तास आणि फ्रीजमध्ये ४ दिवस टिकतं. लांब रजा घेतली तर प्रशिक्षण तेवढं पुढे सरकू शकतं. परीक्षेची तारीख हुकते का, तेही आधी तपासा.

पैसा

यावर थोडक्यात. स्टायपेंड (प्रशिक्षणातलं विद्यावेतन) कधीकधी उशिरा येतो, तेव्हा तीन महिन्यांचा खर्च बाजूला असेपर्यंत मोठा हप्ता घेऊ नका. मुदतीचा आयुर्विमा आणि अपंगत्वाचं संरक्षण रेसिडेन्सीतच घ्या, वय कमी असताना हप्ता कमी बसतो. बँक, विमा, घरभाडं, कर यांची कागदपत्रं आणि पासवर्ड दोघांना ठाऊक असू द्या. तो ३० तास फोन उचलणार नाही हे गृहीत धरून व्यवहार तुम्हाला एकट्याला पार पाडता आले पाहिजेत. ‘पुढे भरपूर मिळणारच आहे’ या भरवशावर आज कर्ज काढू नका. पुढे म्हणजे नेमकं कधी, ते दोघांनाही ठाऊक नसतं.

थकवा की नैराश्य

रेसिडेन्ट डॉक्टरांमधल्या नैराश्यावरच्या अनेक अभ्यासांची एकत्रित पाहणी २०१५ मध्ये प्रसिद्ध झाली, तीत नैराश्य किंवा त्याची लक्षणं असणाऱ्यांचं प्रमाण सुमारे २९ टक्के निघालं. म्हणजे हे अपवादाने घडत नाही. घरच्या माणसाला फरक ओळखायची एक साधी कसोटी आहे: दोन रात्री पुरेशी झोप मिळाल्यावर तो पूर्वीसारखा होतो का? जेवण चवीने जातं का, आवडीच्या गोष्टीकडे वळतो का, कुणाला फोन करतो का? हो असेल तर थकवा. सुट्टीतही झोप लागत नाही किंवा पहाटे जाग येऊन पडून राहतो, दोन आठवड्यांहून जास्त काळ कशातच मन लागत नाही, ‘मी या कामाच्या लायक नाही’ असं वारंवार येतं, दारू वाढली, झोपेच्या गोळ्या स्वतःच्या स्वतः सुरू झाल्या, तर मानसोपचारतज्ज्ञ गाठा. शक्यतो त्याच्या रुग्णालयाबाहेरचे. सहकाऱ्यांना कळेल या भीतीनेच डॉक्टर उपचार टाळतात.

‘मी नसतो तर बरं झालं असतं’ अशी भाषा आली तर सरळ विचारा: ‘जीव द्यायचे विचार येतात का?’ विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही, उलट बोलायला वाट मिळते. हो म्हणाला तर एकटं सोडू नका, घरातली औषधं आणि इंजेक्शनं कुलपात ठेवा आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या. डॉक्टरच्या हाताशी साधनं असतात आणि त्यांची माहितीही असते, म्हणून इथे ‘बघू उद्या’ चालत नाही. भारतात टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतसेवेचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालतो, आणि तो तुम्हीही स्वतःसाठी वापरू शकता.

तुमचं काय

‘रेसिडेन्सी संपू दे, मग’ या वाक्याखाली किती गोष्टी सारल्या आहेत त्याची यादी करून पाहा. रेसिडेन्सी भारतात तीन वर्षांची, अमेरिकेत विषयानुसार तीन ते सात. त्यानंतर सुपरस्पेशालिटी किंवा फेलोशिप असते, मग नवीन नोकरी किंवा प्रॅक्टिस उभी करण्याची वर्षं. म्हणजे ‘मग’ सरकत जातं. मूल, घर, दुसऱ्या शहरात जाणं अशा दोघांच्या निर्णयांना थांबावं लागत असेल तर लागू दे. पण तुमचं शिक्षण, बढती, व्यायाम, मित्रमंडळी याला त्याच्या रोस्टरची परवानगी लागत नाही. आठवड्यातल्या दोन संध्याकाळी तुमच्या ठेवा आणि तो अचानक लवकर आला तरी त्या मोडू नका. सुरुवातीला हे निष्ठुर वाटतं. पण दर वेळी मोडत गेलात तर वर्षभराने तुमच्याकडे वाट पाहण्याखेरीज काहीच उरत नाही आणि त्याचं बिल त्याच्याच नावावर फाडलं जातं. एकट्याने लग्नाला जाणं, सिनेमाला जाणं, गावी जाऊन येणं याची सवय पहिल्या दोन-तीन महिन्यांतच लावा.

शारीरिक जवळीक कमी होते, दोघांनाही ती नाकारल्यासारखी वाटते. बहुतेक वेळा कारण झोपेचं असतं. पोस्ट-कॉलची रात्र त्यासाठी नसते, पोस्ट-कॉलनंतरचा दुसरा दिवस बरा. आधी ठरवण्यात काही कमीपणा नाही.

शेवटचं वर्ष वेगळं असतं. कॉल कमी होतात म्हणून घरात सगळे निर्धास्त होतात आणि नेमक्या तेव्हा परीक्षा येतात. जिथे प्रबंध असतो तिथे तोही याच काळात गळ्याशी येतो, कारण माहिती गोळा करण्याचं काम आधी पुढे ढकललेलं असतं. परीक्षेच्या आधीचे चार महिने पहिल्या वर्षासारखेच धरून चाला आणि घर बदलणं, मोठा समारंभ, नवी जबाबदारी त्यात आणू नका. संपल्यावर आणखी एक विचित्र काळ येतो: माणूस रोज संध्याकाळी घरी असतो आणि दोघांनाही त्याचं काय करायचं सुचत नाही. तुमची घडी एकट्याची बसलेली असते, त्याला ओट्यावरचे डबे कुठे आहेत ते ठाऊक नसतं, मुलं विचारायला तुमच्याकडेच येतात. तेव्हा त्याच्यावर टाकलेली कामं एकदम दुप्पट करू नका. दर पंधरा दिवसांनी एक काम पूर्णपणे त्याच्याकडे द्या, मुलांना शाळेत सोडण्यापासून सुरुवात करून, आणि त्याने ते तुमच्यापेक्षा वाईट केलं तरी पहिला महिना मध्ये पडू नका.